उलटा हात

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी कूलर माळ्यावरून उतरतो.
त्याच्या पोटात मागच्या उन्हाळ्याचा क्षार,
एक वाळकी पाल, आईचा हरवलेला चिमटा.
बाबा अजनीच्या शेडमध्ये अख्खी इंजिनं उघडतात
आणि घाबरतात ते फक्त या पत्र्याच्या पेटीला.
"अर्थिंगचा भरोसा नसते याच्या.
अनोळखी पत्र्याले उलट्या हातानं शिवावं.
सुलटा हात चिकटून जाते, उलटा सुटते."

नववीपासून टॉर्च मी धरते.
बाबांचं डोकं कूलरच्या आत, पाठ बाहेर,
बनियनवर घामाचा नकाशा.
तोंड दिसत नसलं की माणसाशी बोलता येतं.

बाबा.
"दहाचा पाना."
दिला.
बाबा, यामिनी आहे ना, नंदनवनची.
"टुल्लूची वायर पकड."
पकडली.
ती माझी मैत्रीण नाही. म्हणजे आहे. म्हणजे

तीन महिने एक वाक्य पाठ केलं होतं,
फुटाळ्याच्या काठावर एकदा मोठ्यानं म्हणूनही पाहिलेलं,
बदकांना काही फरक पडला नव्हता.
ते वाक्य वेळेवर आलंच नाही.
आलं ते असं:
मला नवरा नको बाबा. कधीच.
मला ती पाहिजे.

पाना थांबला.
गल्लीत कुल्फीवाल्याची घंटी.
गच्चीवर आई कुरडया उलटवत होती,
प्लास्टिकचा कागद करकरला.
मग पत्र्यात घुमून आवाज आला:
"टॉर्च हलून राहिली तुझी."

हलतच होती.

मागच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, इतवारीत,
पिवळी मारबत वळणावर अडली होती.
आई मागं कुठंतरी, मावशीसोबत.
महागाई घेऊन जा गे मारबत,
रोगराई घेऊन जा गे मारबत,
आणि बाजूचा एक पोरगा
कॉलेजातल्या कुणाचं तरी नाव घेऊन ओरडला,
नावापुढं तो शब्द लावून.
सगळे हसले. मीही हसले.
मग ओठांतल्या ओठांत
मी माझंच नाव दिलं तिला, जाळायला ने म्हणून.
तेवढ्यात यामिनीनं माझी करंगळी धरली.
गर्दी सुटली, मारबत हलली,
पुढं गेली
मला न घेता.

बाबा बाहेर आले, भुवयांवर गंज.
काही बोलले नाहीत.
खसच्या ताट्या बसवल्या. पाणी सोडलं.
टेस्टर लावून पाहिला, चारही बाजूंनी,
दरवर्षीपेक्षा जास्त वेळ.
मग माझ्याकडे वळले
आणि हात उचलला,
उलटा.
बोटांच्या सांध्यांनी गालाला शिवले, जरासं.
थांबले.
मी श्वास सोडला नाही.
मग तळहात ठेवला, अख्खा. ग्रीस लागलं.
"मले समजून नाही राहिलं," म्हणाले.
"टाइम लागंल."
आणि लगेच, "नळ बंद कर, टाकी सांडून राहिली."

रात्री ओल्या वाळ्याचा वास घरभर.
कूलरच्या घरघरीमागं आई-बाबा बोलत होते,
शब्द नाही, नुसते चढ-उतार,
जिना चढून कुणी अर्ध्यात बसावं तसे.
सव्वाबाराला लाइन गेली.
पातं थांबता थांबता
आईचं अर्धं वाक्य अंधारात उघडं पडलं:
"...मारबतीच्या दिवशीच पाहिलं मी.
मागंच तर उभी होती."

मग कुणीच बोललं नाही.
तिघंही जागे, तिघंही झोपलेले.
ताट्यांतून पाणी ठिबकत राहिलं.

लाइन आली, पुढचं सगळं वाऱ्यात गेलं.
त्याआधी आईचा एक बारीक आवाज आला,
हसली की नाक ओढलं, कळलं नाही.
कूलर फार जुना आहे आमचा.